भाकरी, मस्टर आणि हमी

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

मे 1973 मध्ये महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळजवळ 50 लाख माणसे होती. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या किंचित वर. म्हणजे पाळण्यातल्या पोरापासून मुंबईतल्या गिरणीमालकापर्यंत सगळे जमेस धरले, तरी दर दहा जणांमागे एक जण सरकारी मस्टरवर होता.

त्यांत भूमिहीन मजूर होते, तसे वीस-वीस एकरांचे धनीही होते. पाटलीण आणि तिच्या शेतात वर्षानुवर्षे खुरपायला येणारी बाई एकाच खडीच्या ढिगाशी बसल्या. डोक्यावर पदर, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, एका हाताने दगड धरायचा आणि दुसऱ्या हाताने हातोडी घालायची. दुपारी कामावरच गोडसर सुकडी मिळे. रात्री घरी रेशनच्या दुकानातून आणलेल्या लाल मिलोची, म्हणजे आयात ज्वारीची, भाकरी. ती खाल्लेली माणसे आज सत्तरीत आहेत आणि मिलोचे नाव काढले की अजून तोंड वाकडे करतात.

त्या वर्षी राज्याचे धान्योत्पादन जवळपास निम्म्यावर आले होते, आणि तेही लागोपाठच्या वाईट वर्षांनंतर. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्याच सुमारास आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातही दुष्काळ होता. दरडोई उपलब्ध धान्य पाहिले, तर महाराष्ट्राची स्थिती साहेलमधल्या बऱ्याच देशांपेक्षा वाईट होती. तिथे माणसे मोठ्या संख्येने मेली. इथे हाल झाले, जनावरे गेली, गावे रिकामी झाली, पण भूकबळींची तशी रांग लागली नाही. हे कसे साधले, आणि साधले त्यातले किती आपण टिकवले, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

अर्थव्यवस्था कोसळणार, ही भीती शहरात एका रीतीने येते आणि खेड्यात दुसऱ्या. शेअर बाजार आपटला, रुपया घसरला, की शहरी मध्यमवर्ग सोने घेतो, मुदतठेवी मोजतो, वाण्याकडून दोन महिन्यांचे सामान भरतो. खेड्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला कोसळणे पायरीपायरीने माहीत असते. आधी भाकड जनावर बाजारात जाते. मग दुभते, मग बैल. पण आठवडी बाजारात त्या दिवशी सगळेच बैल घेऊन आलेले असतात आणि घेणारा कोणी नसतो, म्हणून कवडीमोलाने दावे सोडावे लागते. त्यानंतर बायकोच्या अंगावरचे मोडायचे. मग तांब्या-पितळेची भांडी. मग दुकानदार उधारी बंद करतो. शेवटी घराला कुलूप लावून मुंबई-पुण्याची वाट धरायची. यातली प्रत्येक पायरी पुढच्या वर्षाची कमाई खाते: बैल विकलेल्या माणसाला पुढे पाऊस चांगला झाला तरी पेरता येत नाही. एका हंगामाचे संकट कायमचे दारिद्र्य होते ते असे.

अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये जगभरच्या दुष्काळांची छाननी करून दाखवून दिले की, माणसे अनेकदा बाजारात धान्य असतानाही उपाशी मरतात, कारण ते विकत घेण्याइतकी मजुरी त्यांच्या हातात नसते. दुष्काळात धान्याआधी रोजगार आटतो. शेतात काम नाही म्हणून मजूर रिकामा. मजुराच्या हातात पैसा नाही म्हणून सुतार, शिंपी आणि न्हावी रिकामे.

अशा वेळी दोन सल्ले तयार असतात. एक, स्वतःच्या पायावर उभे राहा, हात पसरू नका. दुसरा, भुकेल्याला आधी अन्न घाला, बाकीचे मग पाहू. मराठी मनाला दोन्ही पटतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी बादशहाची कोठारे लोकांना खुली केली, ही कथा आपण भक्तिभावाने सांगतो. दुष्काळात घरची माणसे गमावलेल्या तुकोबांनी सावकारीची खते इंद्रायणीत सोडली, ही कथाही तशीच. आणि त्याच तोंडाने ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ म्हणून आळशाची टिंगलही करतो. भाषणात या दोन्ही सल्ल्यांना टाळ्या मिळतात. राज्य चालवताना मात्र त्यांतला प्रत्येक कुणाच्या तरी जिवावर बेतू शकतो, हे 1877 ने दाखवले.

1876 ते 78 च्या दुष्काळात मुंबई आणि मद्रास इलाख्यांत सरकारने रिचर्ड टेंपल यांना देखरेखीसाठी धाडले. खजिन्याची काटकसर आणि ‘रयतेला फुकटची सवय लागता कामा नये’ हा त्यांचा खाक्या. दुष्काळी कामावर दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, धान्य आणि वर किरकोळ पैसे. शिवाय काम घरापासून दहा मैलांच्या आत द्यायचे नाही. हेतू असा की जो खरोखरच मरायला टेकला आहे तोच येईल. स्वावलंबनाच्या नावाखाली उपासमारीची परीक्षा घेण्याचा हा प्रकार होता. मुंबई इलाख्यात मजुरी कापली गेली तेव्हा 1877 च्या सुरुवातीला सुमारे लाखभर मजुरांनी कामे सोडली. उपाशी माणसांनी केलेला हा संप होता. त्यांच्या पाठीशी पुण्याची सार्वजनिक सभा उभी राहिली. तिने गावोगावची दुष्काळाची माहिती जमवून सरकारला धाडली. सभेचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, याच वर्षी दिल्ली दरबारात हातसुताची खादी घालून गेले होते. स्वदेशीचा आग्रह धरणारा माणूस दुष्काळी मजुराला सरकारने पोटभर मजुरी द्यावी यासाठीही झगडत होता, आणि यात त्याला कसलीही विसंगती दिसली नाही.

त्याच वर्षी जोतीराव फुले आणि सत्यशोधक मंडळींनी धनकवडीत व्हिक्टोरिया बालाश्रम काढून दुष्काळग्रस्त मुलांना जेवू घातले. सावित्रीबाई जुन्नर भागात फिरत होत्या. ओतूरहून त्यांनी जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात त्या मुलखाची दैना आली आहे. लहान मुलांना खडी फोडायला लावून स्वावलंबन शिकवता येत नाही. त्यांना अन्नच द्यावे लागते, आणि लगेच. दानाचे हे बलस्थान मान्य केलेच पाहिजे: दानाला मस्टर लागत नाही, मोजमाप लागत नाही, मंजुरी लागत नाही.

या दुष्काळानंतर 1880 मध्ये दुष्काळ आयोगाचा अहवाल आला आणि पुढे प्रांतोप्रांती दुष्काळसंहिता तयार झाल्या. कामे कधी काढायची, मजुरी कशी ठरवायची, हे कागदावर आले. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी नेमका हाच कागद हाती घेतला. संहितेत शेतसाऱ्याची सूट लिहिली आहे, तर ती मागा, असे ‘केसरी’ने शेतकऱ्यांना सांगितले. मदत मागणाऱ्याने आर्जव करण्याऐवजी कलम दाखवावे, ही सवय महाराष्ट्राला तिथून लागली असे म्हणता येईल. मात्र संहिता अधिकाऱ्यांसाठीच्या सूचनांचा संग्रह होती. कलम पाळले नाही म्हणून कलेक्टरला जाब विचारण्याचा हक्क रयतेला तिने दिलेला नव्हता.

तो हक्क यायला आणखी ऐंशी वर्षे लागली. तो आणण्यात ज्यांचा वाटा सर्वांत मोठा, ते वि. स. पागे तासगाव तालुक्यातले. 1960 पासून 1978 पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतीच्या खुर्चीवर इतकी वर्षे बसलेला माणूस सहसा नियमांच्या पुस्तकात रमतो. पागे यांचे डोके मात्र गावातल्या रिकाम्या हातांत अडकले होते. साठच्या दशकाच्या मध्यात तासगावात त्यांच्या कल्पनेचा छोटा प्रयोग झाला, आणि 1972 मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना रोजगार हमी योजना सुरू झाली. लगेच बहात्तरचा दुष्काळ अंगावर आला आणि योजना दुष्काळी कामांच्या लोंढ्यात बुडाली. ती पुन्हा डोके वर काढून उभी राहिली दुष्काळ ओसरल्यावर. हा तपशील महत्त्वाचा आहे. संकटात सगळीच सरकारे कामे काढतात. संकट टळल्यावर, कोणी आरडाओरडा करत नसताना, पुढच्या संकटासाठी कायदा करणारी सरकारे विरळा. सर्व पक्षांच्या पाठिंब्याने 1977 चा रोजगार हमी कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला.

ग्रामीण भागातल्या कोणाही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागितले, तर सरकारने ते पंधरा दिवसांत द्यावे. न दिल्यास बेकार भत्ता द्यावा, असे हा कायदा सांगतो. जात विचारायची नाही, उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही, जमीन किती ते पाहायचे नाही. उन्हात टिकाव मारायला तयार असणे हीच पात्रता. टेंपल यांच्या पद्धतीतही काम हीच अट होती. पण तिथे अट सरकारने माणसाला हाकलण्यासाठी घातली होती, आणि इथे माणूस काम मागून सरकारला बांधून घेत होता. दोन्हीकडे हातात तेच फावडे आणि डोक्यावर तीच पाटी, पण मजूर आणि सरकार यांच्या नात्यात शंभर वर्षांचे अंतर पडले होते.

पैसा कुठून आला हे सांगितल्याखेरीज ही गोष्ट पुरी होत नाही. या सभागृहातल्या पगारदारांनी आपले पगारपत्रक डोळ्यांसमोर आणावे. त्यात व्यवसाय कराचे 200 रुपये दरमहा कापलेले दिसतात आणि फेब्रुवारीत 300; वर्षाचे 2,500. बहुतेकांना तो आयकराचाच एखादा धाकटा भाऊ वाटतो. हा कर 1975 मध्ये लागला तो रोजगार हमीसाठी. त्याच्या जोडीला मोटारींवरचा, विक्रीवरचा आणि सिंचनाखालच्या जमिनीवरचा जादा बोजा. या करांतून जेवढे जमा होईल तेवढीच भर सरकारने तिजोरीतून घालायची. दादरच्या कारकुनाने आणि ऊसवाल्या बागायतदाराने माण-खटावच्या कोरडवाहू मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, अशी ही रचना होती. तिला दान म्हणावे, तर देणाऱ्याला ते कळतही नाही आणि घेणाऱ्याला कुणाचे उपकार मानावे लागत नाहीत. प्रस्तुत वक्त्याच्या मते महाराष्ट्राने केलेले सर्वांत मोठे सार्वजनिक दान हेच, आणि त्याची पावती दर महिन्याला मिळत असूनही आपण ती वाचत नाही.

आता उणिवा. त्या झाकून योजनेचे गोडवे गाणे हा पागे यांचाच अपमान ठरेल. बोगस मस्टरे निघाली, न खोदलेल्या मातीची मोजमापे लिहिली गेली, आमदाराच्या सोयीचे रस्ते झाले. बेकार भत्ता मिळाल्याची उदाहरणे हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी. हमीच्या नावाने गोळा झालेला पैसा वर्षानुवर्षे पूर्ण खर्च झाला नाही, आणि त्याच काळात दुष्काळी तालुक्यांतली माणसे गाव सोडत राहिली.

ती का सोडत राहिली, याचे उत्तर बीडमध्ये मिळते. दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादम येतो आणि नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला, उचल देतो. हातात एकरकमी पैसे पडतात. त्यातून जुने देणे फिटते, मुलीचे लग्न होते, दवाखाना होतो. मग सहा महिने उसाच्या फडात राबून ते फेडायचे. रोजगार हमीच्या कामाचा पैसा काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, मंजुरी आल्यावर मिळतो. आठवड्याचे म्हणता म्हणता महिना जातो. घराला गरज आज एकरकमी पैशाची असते. मुकादमाचा व्यवहार पिळवणुकीचा आहे हे त्या जोडप्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. तरी तो वेळेवर पैसे देतो आणि सरकार देत नाही. हक्क कायद्यात असून मजुरी उशिरा येत असेल, तर तो हक्क सावकाराशी स्पर्धा करू शकत नाही.

पुण्याच्या गोखले संस्थेत या साऱ्याची चर्चा आधीपासून रंगली होती. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये देशातल्या दारिद्र्यावरचा त्यांचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध केला. गरिबी हटवायची तर सार्वजनिक कामांतून रोजगार द्या, असा त्यांचा रोख होता. 1985 मध्ये रथ यांनी कर्ज-अनुदानातून गरिबाला म्हैस, शेळ्या, शिलाईयंत्र देणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यक्रमावर टीकेचा आसूड ओढला. म्हैस दिली, पण चारा कुठला, पाणी कुठले, दूध घेणार कोण? ज्याच्याकडे काहीच नाही त्याला एका रात्रीत धंदेवाईक करण्यापेक्षा खात्रीची मजुरी द्या, हा त्यांचा निष्कर्ष आजही घासून पाहावा असा आहे. स्वावलंबनाचे साहित्य वाटणाऱ्या योजना पुढेही निघाल्याच आहेत.

मग स्वावलंबी गावे म्हणून ज्यांचा बोलबाला होतो ती कशी उभी राहिली? नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार घ्या. 1989 मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा गाव ओस पडत चालले होते. आज तिथे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, सिंचनासाठी कूपनलिका खोदायला बंदी आहे, ऊस-केळीसारखी पाणीखाऊ पिके गावाने वर्ज्य केली आहेत, आणि बाहेर गेलेली कुटुंबे परतली आहेत. हे सगळे श्रमदानातून झाले असे सांगायला छान वाटते. श्रमदान झालेच. पण डोंगरावरचे समतल चर खणायला रोजगार हमीचा पैसा होता आणि पुढे आदर्श गाव योजनेचाही होता. शेकडो गावांना तोच पैसा मिळाला, तिथे चर बुजले. हिवरे बाजारने सरकारी पैसा घेतला आणि त्याच्यावर गावाचा स्वतःचा कडक नियम बसवला. पाण्यावर नियम घालणे हे त्या गावाचे खरे स्वावलंबन. पैसा बाहेरून आला यात त्याचे काही उणे झाले नाही.

आनंदवनाचेही तसेच. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळच्या खडकाळ जमिनीवर कुष्ठरुग्णांना भिक्षेऐवजी काम दिले. विहिरी खणल्या, शेती उभी केली, कारखाने काढले. तिथल्या माणसाच्या मनातून भिकाऱ्याची लाचारी गेली ती हाताला काम मिळाल्यामुळे. पण तिथे देणगीदारही आले, अनुदानही आले, पु. ल. देशपांडे यांच्यासारखे मित्रही आले. दान थेट रुग्णाच्या वाडग्यात न पडता संस्थेच्या जमिनीत, अवजारांत, दवाखान्यात गेले, म्हणून ते पचले.

2020 च्या टाळेबंदीत काम ही अटच लागू करता येईना, कारण कामच बंद होते. महामार्गांवरून चालत निघालेल्या मजुरांना रस्त्याकडेच्या गावांनी पाणी दिले, भाकरी दिली, चपला दिल्या. राज्यात त्याच वर्षी 26 जानेवारीला शिवभोजन सुरू झाले होते: दोन चपात्या, वाटीभर भाजी, मूदभर भात आणि वरण, 10 रुपयांत. शहरात त्या थाळीसाठी केंद्रचालकाला 50 रुपये मिळत, त्यातले 40 सरकारचे. टाळेबंदीत दर 5 रुपयांवर आला आणि 2021 मध्ये काही काळ थाळी मोफत झाली. खिडकीशी 10 रुपयांची नोट सरकवणाऱ्या हमालाला आपण जेवण विकत घेतो आहोत असे वाटते, आणि त्या वाटण्याला किंमत आहे. म्हणून थाळी कायमची फुकट करण्यापेक्षा तो 10 रुपयांचा दर टिकवणे शहाणपणाचे.

2024 पासून मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत 21 ते 65 वयाच्या पात्र स्त्रियांच्या खात्यात दरमहा 1,500 रुपये येऊ लागले; सुरुवातीला वर्षाची तरतूद 46,000 कोटींच्या घरात होती. शेतावर मजूर मिळत नाही अशी बागायतदारांची तक्रार तेव्हापासून वाढली आहे. या तक्रारीकडे जरा सावधपणे पाहावे. पडत्या मजुरीवर राबायला आज कोणी येत नसेल, तर त्यात त्या बाईची काही चूक नाही. खरी अडचण तिजोरीची आहे. रोजगार हमीचा खर्च दुष्काळात फुगतो आणि सुकाळात आपोआप आटतो, कारण काम मिळू लागले की माणूस खडीवर येत नाही. दरमहा ठरलेली रक्कम अशी आटत नाही. मोठे संकट येईल तेव्हा सरकारच्या हातात वाढवायला काय उरेल, हा प्रश्न निवडणुकीच्या धामधुमीत कोणी विचारला नाही.

ज्यांना काम करता येत नाही, त्यांचे काय? रोजगार हमी त्यांच्यासाठी नव्हती. म्हातारी, अपंग, एकटी, दुर्धर आजाराची माणसे: यांना स्वावलंबनाचा उपदेश करणे हे टेंपल यांचेच काम पुढे चालवणे होय. त्यांच्यासाठी राज्यात 1980 पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. 2023 मध्ये तिची रक्कम महिना 1,000 वरून 1,500 झाली. मात्र सर्वसाधारण निराधाराच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 च्या आत असावे ही अट तशीच राहिली. म्हणजे सबंध घराची महिन्याची मिळकत 1,750 रुपयांच्या पुढे गेली की विधवा म्हातारी निराधार उरत नाही. याच राज्याने पुढच्या वर्षी लाडक्या बहिणीसाठी मर्यादा ठेवली अडीच लाखांची. श्रोत्यांपैकी ज्यांची आपल्या आमदाराशी ओळख आहे, त्यांनी पुढच्या अधिवेशनाआधी हे दोन आकडे एका कागदावर लिहून त्यांच्या हातात द्यावेत आणि उत्तर लेखी मागावे.